पहिल्या पावसाचा वास आणि तीन गोळ्या

मृगाचा पहिला पाऊस येरमाळ्याच्या तापलेल्या माळावर पडतो आणि जमिनीतून तो ओळखीचा वास उठतो. आपण त्याला मातीचा वास म्हणतो. पण त्या वासाचं मोठं देणं मातीतल्या जीवाणूंचं आहे. ॲक्टिनोमायसीट्स नावाच्या घराण्यातले, बारीक धाग्यांसारखे वाढणारे हे जीवाणू जिओस्मिन नावाचं द्रव्य तयार करतात आणि पावसाच्या थेंबांबरोबर ते हवेत उडतं. बालाघाटाच्या रांगेतला शेतकरी छाती भरून तो वास घेतो, तेव्हा जगातल्या सगळ्यात जुन्या औषधशाळेच्या दारात तो उभा असतो.

कारण याच घराण्याने आपल्याला क्षयावरचं पहिलं खरं अँटिबायोटिक दिलं: १९४३ साली मातीतल्या जीवाणूपासून मिळालेलं स्ट्रेप्टोमायसिन. पुढे १९४९ मध्ये फिलिपाईन्समधल्या इलोइलो भागातली मूठभर माती अबेलार्दो अगिलार या डॉक्टरांनी अमेरिकेतल्या एली लिली कंपनीकडे पाठवली. त्या मातीतल्या एका जीवाणूतून एरिथ्रोमायसिन निघालं आणि १९५२ मध्ये ते बाजारात आलं. त्याच रेणूत थोडा बदल करून १९८० मध्ये झाग्रेबच्या शास्त्रज्ञांनी ॲझिथ्रोमायसिन घडवलं. आज येरमाळ्यासारख्या कुठल्याही गावातल्या मेडिकलच्या फळीवर त्याची तीन गोळ्यांची पट्टी असते. मूठभर माती ते तीन गोळ्या, असा हा प्रवास.

ही गोळी करते काय? उन्हाळ्यात घरोघरी शेवयांचं यंत्र चालतं ते आठवा. वरून पीठ जातं, भोकातून शेवई बाहेर येते. प्रत्येक जीवाणूच्या पोटात अशी हजारो यंत्रं असतात. त्यांना रायबोसोम म्हणतात. त्यांच्या एका बोगद्यातून प्रथिनाची लांबच लांब साखळी बाहेर पडते आणि त्या प्रथिनांवर जीवाणू जगतो. एरिथ्रोमायसिन आणि ॲझिथ्रोमायसिन नेमके त्या बोगद्यात जाऊन बसतात. भोकात खडा अडकावा तशी शेवई अडते, आणि जीवाणूची वाढ थांबते.

आता जीवाणूची करामत पाहा. रायबोसोमच्या या भागातला आरएनए सुमारे २९०० अक्षरांचा असतो. औषध जिथे टेकतं, तिथलं एकच अक्षर महत्त्वाचं आहे. जीवाणू त्या अक्षरावर मिथाइल गट चिकटवतो. मिथाइल गट म्हणजे एक कार्बन आणि तीन हायड्रोजन, बस्स. खुर्चीवर कुणी लहानसा काटा ठेवावा तसं होतं. यंत्र चालू राहतं, औषधाला मात्र टेकायला जागा उरत नाही. चार अणूंच्या या ठिगळापुढे सत्तर वर्षांचं औषध हात टेकतं.

ही युक्ती रोगजंतूंनी शोधलेली नाही, आणि मला सगळ्यात थक्क करणारी गोष्ट हीच वाटते. जो मातीतला जीवाणू एरिथ्रोमायसिन बनवतो, त्यालाही रायबोसोम असतोच. मग स्वतःच्याच विषाने तो मरत का नाही? कारण त्याने आपल्या रायबोसोमच्या त्याच अक्षरावर तेच ठिगळ लावून ठेवलेलं असतं. विष आणि उतारा एकाच घरात, शेजारी शेजारी. २०११ मध्ये शास्त्रज्ञांनी कॅनडातल्या युकॉन भागातली, ३०,००० वर्षं गोठलेली जमीन तपासली. त्या काळी माणसाला औषधाच्या गोळीची कल्पनाही नव्हती, तरी त्या मातीत प्रतिजैविकांना दाद न देणारी जनुकं सापडली. मातीतली ही लढाई आपल्या आधीपासून चालू आहे.

शिवाय जीवाणू उतारा फक्त लेकरांना देऊन थांबत नाहीत. ते तो हातउसना देतात. दोन जीवाणू शेजारी आले की उताऱ्याचं जनुक असलेलं डीएनएचं छोटं कडं एकाकडून दुसऱ्याकडे जातं, दुसरा वेगळ्या जातीचा असला तरी. काही जीवाणू अनुकूल वातावरणात २० मिनिटांत दुप्पट होतात. म्हणजे मिळालेलं उसनं किती लवकर पसरेल, याचा अंदाज येतो.

यात आपला वाटा कोणता? आपण जीवाणूला काही शिकवत नाही, आपण त्याची निवड करतो. सोयाबीनच्या रानात एकच तणनाशक वर्षानुवर्षं मारलं की त्याला दाद न देणारं तण तेवढं उरतं आणि पुढच्या साली त्याचंच बी रानभर होतं. शरीरातही हेच घडतं. ‘घसा धरलाय, जरा पावरची गोळी द्या,’ असं म्हणून घेतलेली गोळी विषाणूने झालेल्या सर्दीवर काहीच करत नाही. पण पोटातले, घशातले साधे जीवाणू मारून ती चिवट जीवाणूंना रान मोकळं करून देते. उरलेल्या दोन गोळ्या फळीवर राहतात आणि पुढच्या महिन्यात घरातल्या दुसऱ्याच कुणाला दिल्या जातात. दाद न देणाऱ्या अशा जंतुसंसर्गांनी २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसांचा थेट बळी घेतला, असा अंदाज ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला आहे.

पण माणूसही स्वस्थ बसलेला नाही, आणि त्याचा एक पुरावा येरमाळ्याच्या रस्त्यावरच आहे. गावाजवळून जाणारा सोलापूर–धुळे महामार्ग धरून बीड, गेवराई मागे टाकत सुमारे २०० किलोमीटर गेलं की छत्रपती संभाजीनगर लागतं. तिथे चिकलठाण्यात वोक्हार्ट कंपनीचं संशोधन केंद्र आहे. मधुमेह्यांच्या पायाच्या जखमांसह त्वचेच्या चिवट संसर्गांवरचं लिव्होनॅडिफ्लॉक्सासिन या कंपनीचं. २०२० मध्ये त्याला भारतात मान्यता मिळाली. २० नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्री जितेंद्र सिंह यांच्या हस्ते याच कंपनीचं नॅफिथ्रोमायसिन जाहीर झालं. केंद्र सरकारच्या बायरॅक संस्थेचं साहाय्य घेऊन घडलेलं हे औषध न्यूमोनियासाठी आहे. ८०० मिलिग्रॅमची मात्रा दिवसातून एकदा, तीन दिवस.

नॅफिथ्रोमायसिन हे एरिथ्रोमायसिनच्याच कुळातलं, पण शहाणं झालेलं नातवंड. जुन्या रेणूवरची एक साखर काढून तिथे दुसरा गट बसवला आणि एक लांब हात जोडला. एका अक्षरावर ठिगळ लागलं तरी हा हात बोगद्यात थोड्या अंतरावरची दुसरी जागा पकडतो. एका हाताची पकड सुटली तरी दुसरा हात सोडत नाही.

ही पकड साधायला १४ वर्षं लागली. आता हिशेब करा. दर २० मिनिटांना दुप्पट होणाऱ्या जीवाणूच्या १४ वर्षांत साडेतीन लाखांहून अधिक पिढ्या होऊ शकतात. माणसाची एक पिढी २५ वर्षांची धरली, तर तेवढ्या पिढ्यांना ९० लाख वर्षं लागतील. शर्यत इतकी विषम आहे, आणि म्हणूनच हाती आलेलं प्रत्येक औषध हे मोलाने मिळालेलं बियाणं आहे.

येरमाळ्याला येडेश्वरी देवीची चैत्र यात्रा भरते, तेव्हा भाविक रानातले चुनखडीचे खडे वेचतात. एकेकाच्या हाती जेमतेम मूठभर खडे येतात, पण लाखो हात लागतात आणि ढीग उभा राहतो. औषधांचा नाश असाच मुठीमुठीने होतो आणि त्यांची राखणही तशीच होईल. पट्टीच्या पाठीवर उभी लाल रेघ दिसली तर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती गोळी घेऊ नका. डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पुरे करा, बरं वाटलं म्हणून मनानेच मध्ये थांबू नका. घरात उरलेली गोळी शेजाऱ्याला देऊ नका. मृगाच्या पहिल्या पावसात मातीचा वास आला की आठवा, हे औषध त्या मातीने दिलं आहे आणि ते पुढच्या पिढीच्या लेकरांसाठी टिकवणं आपल्या हाती आहे.