रविवारी शाळा, सोमवारी सवारी

27 जुलै 2025 च्या रविवारी सकाळी उज्जैन शहरातली पोरं दप्तर पाठीला लावून शाळेत निघाली. दुसऱ्या दिवशी मात्र आपली मुलं रडतखडत शाळेत गेली आणि तिकडची घरी राहिली. श्रावणातल्या सोमवारी तिथल्या महाकाल मंदिरातून देवाची पालखी, म्हणजे सवारी, निघते, म्हणून 14 जुलै ते 11 ऑगस्टपर्यंत शहरातल्या शाळा सोमवारी बंद आणि त्याबदल्यात रविवारी सुरू, असा जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश होता. 2024 मध्येही तसंच झालं होतं. बातमी आली, वाद झाला, ‘मग शुक्रवारचं काय?’ असा प्रश्न विरोधी पक्षातून आला आणि कॅमेरे पुढच्या वादाकडे वळले. पहिली-दुसरीच्या वर्गात आठवडा असा उलटापालटा झाला की नेमकं काय होतं, हे विचारायला कुणाला सवड झाली नाही.

आदेशामागचं व्यावहारिक कारण मला तरी पटतं. सवारी दुपारी चारला मंदिरातून निघते. मुख्य दरवाजाशी सशस्त्र पोलीस पालखीला सलामी देतात. मग गुदरी चौक, बक्षी बाजार, कहारवाडी या गल्ल्यांतून ती क्षिप्रेच्या रामघाटावर जाते. तिथं पूजा होते आणि कार्तिक चौक, ढाबा रोड, छत्री चौक, गोपाळ मंदिर, पटनी बाजार करत ती परत येते. हा सगळा भाग जुन्या शहराचा, म्हणजे दोन स्कूटर समोरासमोर आल्या तर एकीला थांबावं लागेल असा. मध्य प्रदेशातल्या सरकारी शाळा साडेदहाला भरतात आणि साडेचारला सुटतात. पालखी रस्त्यावर आलेली, दोन्ही बाजूंना बॅरिकेड, आणि त्या गर्दीत सहा वर्षांचं पोर घराकडे सोडायचं, हे कुठलाही शहाणा मुख्याध्यापक करणार नाही. ऑक्टोबर 2022 मध्ये मंदिराभोवतीच्या महाकाल लोक परिसराचं उद्घाटन झाल्यापासून तर गर्दीचा हिशेबच बदलला आहे. सुट्टी द्यायलाच हवी होती, यात वाद नाही.

रविवारी शाळा का भरवायची, याचं उत्तर कायद्यात आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान 200 दिवस आणि 800 तास अध्यापन सांगितलं आहे. सहावी ते आठवीसाठी 220 दिवस आणि 1000 तास. शिक्षकाचा आठवडा तयारीसकट किमान 45 तासांचा. सोमवार नुसते सोडून दिले तर हा हिशेब चुकतो. किती चुकतो ते मात्र पंचांगावर अवलंबून असतं, आणि इथं आपण मराठी माणसं या गोष्टीत येतो.

2025 मध्ये उज्जैनला एकूण सहा सवाऱ्या होत्या. एका श्रावणात सहा सोमवार कुठून आले? उत्तरेचा श्रावण पौर्णिमेनंतर लागतो, म्हणून त्यांचा 11 जुलैलाच सुरू झाला. आपला अमावास्येनंतर लागतो, म्हणून तो शुक्रवारी, 25 जुलैला लागला. 28 जुलै हा आपला पहिला श्रावणी सोमवार आणि उज्जैनच्या तिसऱ्या सवारीचा दिवस. त्यांचा श्रावण 9 ऑगस्टला राखी पौर्णिमेला संपला, पण सवाऱ्या थांबल्या नाहीत. त्यांच्या भाद्रपदाच्या वद्य पक्षात, म्हणजे आपल्या श्रावणाच्या उत्तरार्धात, 11 आणि 18 ऑगस्टला आणखी दोन निघाल्या. त्यातली शेवटची राजसी सवारी. 2024 पर्यंत तिला शाही सवारी म्हणत.

त्यांच्या पंचांगाचे चार सोमवार आणि आपल्या पंचांगाचे चार. त्यातले दोन सामाईक, म्हणून सहा. दोन्ही पंचांगं का, तर सवारीची आजची घडी शिंदेशाहीत बसली, असं मानतात. मंदिर तर राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनीच अठराव्या शतकात नव्यानं उभारलं. गोपाळ मंदिर बायजाबाई शिंद्यांचं. दरबार मराठी, तेव्हा श्रावण मराठी मोजला जाई आणि त्याआधीच्या पंधरवड्यात उज्जैनचा सामान्य भाविक, ज्याचा श्रावण आधीच लागलेला असे, नुसता बघत राही. पुढे विसाव्या शतकात, पंचांगकर्ते आणि कालिदास समारोहाचे प्रणेते पं. सूर्यनारायण व्यास आणि तेव्हाचे कलेक्टर एम. एन. बुच यांच्या पुढाकारानं उत्तरेच्या श्रावणातल्या सोमवारीही सवारी काढायला सुरुवात झाली, असं सांगितलं जातं. कुणाचाही श्रावण रद्द न करता दोन्ही पाळायचे, हा तोडगा मला फार आवडतो. त्याची किंमत दोन जादा सोमवार आहे आणि आजच्या हिशेबात ती शाळेच्या खात्यावर पडते.

हा आकडाही दरवर्षी सारखा नसतो. 2024 मध्ये उत्तरेचा श्रावण सोमवारीच सुरू झाला आणि आपला सोमवारी संपला, त्यामुळे सात सवाऱ्या झाल्या. 2023 मध्ये अधिक श्रावण होता, तेव्हा दहा. दहा दिवस म्हणजे प्राथमिक शाळेच्या 200 दिवसांचा विसावा हिस्सा. एखाद्या शिक्षणाधिकाऱ्याला अधिक मासाचं गणित यायला हवं असं कुठल्या परीक्षेत विचारत नाहीत, पण उज्जैनला नेमणूक झाली तर ते लागतंच. जिथं गोविंद सदाशिव आपट्यांसारख्या मराठी गणितज्ञानं 1923 मध्ये माधवराव शिंद्यांच्या आश्रयानं सवाई जयसिंहाची वेधशाळा पुन्हा कामाला लावली, त्या गावात तसा माणूस मिळायला हरकत नसावी.

आता शाळेत शिरू. मध्य प्रदेशातल्या सरकारी प्राथमिक शाळेत आठवड्याची सूचना बहुधा व्हॉट्सॲप गटावर येते. वरून, म्हणजे भोपाळच्या राज्य शिक्षा केंद्राकडून जिल्ह्याला, जिल्ह्याकडून गटस्तरावरच्या बीआरसीला, तिथून जनशिक्षकाला आणि जनशिक्षकाकडून मुख्याध्यापकाला. आपल्याकडे जे केंद्रप्रमुखाचं काम, साधारण तेच तिकडे जनशिक्षकाचं. 2002 च्या जनशिक्षा अधिनियमानं या पदाला कायद्याचा आधार दिला. दर महिन्याला जनशिक्षा केंद्रावर ‘शैक्षिक संवाद’ होतो, आपल्या शिक्षण परिषदेसारखा. पण महिना लांब असतो. खरं चालतं ते आठवड्याच्या सूचनेवर.

27 जुलैच्या त्या आठवड्याची सूचना मांडून पाहा. रविवार 27: शाळा नेहमीच्या वेळेत, पोषण आहार शिजेल, सर्वांनी ॲपवर हजेरी लावावी. सोमवार 28: सुट्टी, सवारी. मंगळवार 29: नागपंचमी. या दिवशी महाकाल मंदिराच्या तिसऱ्या मजल्यावरचं नागचंद्रेश्वराचं देऊळ वर्षातून एकदाच उघडतं. दरवाजे आदल्या मध्यरात्रीच उघडत असल्यानं सवारीची गर्दी हटते न हटते तोच दर्शनाची रांग लागते, तेव्हा त्या बाजूनं येणाऱ्या शिक्षकांनी लवकर निघावं. ‘एक पेड माँ के नाम’ मोहिमेखाली लावलेल्या रोपांचे फोटो अपलोड करावेत. राहिलेल्या मुलांचे अपार ओळख क्रमांक काढावेत. यू-डायस पोर्टलवरच्या शाळेच्या नोंदी तपासाव्यात. 15 ऑगस्टची प्रभातफेरी आणि देशभक्तिगीतं यांची तयारी सुरू करावी. शनिवारी बालसभा, मुलांनी दप्तर आणू नये. आणि अगदी तळाशी, जागा उरली तर: वाचनात मागे असलेल्या मुलांकडे विशेष लक्ष द्यावं.

यात चूक काहीच नाही. एकेक ओळ रास्त आहे. पण क्रम पाहा. ज्याच्यासाठी शाळा भरते ते शेवटच्या ओळीत आणि तेही मोघम. राज्याच्या मिशन अंकुर योजनेखाली पहिली ते तिसरीच्या मुलांना वाचता आणि आकडेमोड करता यावी म्हणून शिक्षकांना आठवड्यागणिक आखलेली पुस्तिका दिली आहे. केंद्राच्या निपुण भारत अभियानाचं लक्ष्य 2026-27 चं, म्हणजे 2025 मध्ये हाताशी जेमतेम दोन वर्षं. आखलेला आठवडा सोमवारपासून शनिवारपर्यंतचा. रविवारी सुरू होऊन मंगळवारवर उडी मारणाऱ्या आठवड्यात पाठ कुठून सुरू करायचा? रविवारी सोमवारचा, हे सरळ उत्तर आहे. पण ते सूचनेत लिहिलेलं असलं तर. नाहीतर एक बाई पुढचा पाठ घेतात, दुसऱ्या उजळणी घेतात आणि मंगळवारी दोन तुकड्या दोन जागी असतात. आहाराचंही तेच. मध्य प्रदेशात वारानुसार जेवण ठरलेलं असतं आणि मंगळवारची खीर-पुरी पोरांना पाठ असते. रविवारचा वार तक्त्यातच नाही. ‘रविवारी सोमवारचा तक्ता’ एवढे तीन शब्द स्वयंपाकिणीपर्यंत वेळेत पोचले, तर त्या शाळेत आठवड्याचं कामकाज कुणीतरी नीट बघतं असं खुशाल समजावं.

मोठ्या खासगी शाळेत हे सगळं कार्यालय सांभाळतं. साठ मुलांच्या प्राथमिक शाळेत कायद्यानं शिक्षकच दोन. तिथं स्टाफ मीटिंग म्हणजे मधल्या सुट्टीत एकानं चहा ओतायचा आणि दुसऱ्यानं फोनमधलं वाचून दाखवायचं. त्यातला एक निवडणुकीच्या किंवा प्रशिक्षणाच्या कामाला गेला, की मीटिंगही बारगळते.

1 जुलै 2025 पासून ‘हमारे शिक्षक’ या ॲपवर हजेरी सक्तीची झाली. शाळेच्या आवारात उभं राहून, जागेच्या नोंदीसह. शिक्षक संघटनांनी त्याला विरोध केला. दांडीबहाद्दर शिक्षकांचे किस्से सगळ्यांना माहीत असल्यामुळे बाहेरून या विरोधाला सहानुभूती मिळत नाही. मला ती थोडी वाटते. ज्या यंत्रणेला शिक्षक किती वाजून किती मिनिटांनी फाटकाशी आला हे कळतं, तिनं त्याला पुढच्या आठवड्यात काय करायचं हे तितक्याच काटेकोरपणे कळवावं, एवढी अपेक्षा गैर नाही.

घरची ओढाताण वेगळीच. सोमवारच्या सुट्टीचा आदेश शहरापुरता, गावं त्यात नव्हती. राहायला उज्जैनमध्ये आणि नोकरीला आसपासच्या गावात, असे शिक्षक पुष्कळ. आई रविवारी घरी, तेव्हा मूल शाळेत. मूल सोमवारी घरी, तेव्हा आई बसथांब्यावर. बँकेत किंवा दुकानात काम करणाऱ्या आईबापांचंही तेच, कारण सोमवारची सुट्टी त्यांना नव्हती. महिनाभर आठवड्याच्या सुट्टीला घरात सगळे मिळून नाहीत. ज्या घरात आजी आहे तिथं हे निभतं. ती नातवाला सवारीही दाखवते.

रविवार काही वेदात सांगितलेला नाही, हे खरंच. शांतिनिकेतनात आजही बुधवारची सुट्टी असते. आपल्याकडे गिरणी कामगारांना रविवार मिळाला तो कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांनी वर्षानुवर्षं मागितल्यावर, 10 जून 1890 ला. रविवार हा खंडोबाचा वार, हाही मुद्दा त्यांनी मांडला होता म्हणतात. म्हणजे देवाच्या वारानुसार सुट्टी मागणं आपल्याला नवं नाही. फरक इतकाच की लोखंड्यांच्या मागणीत सगळ्या घराला एकच दिवस मिळत होता.

उज्जैनच्या प्रशासनाला एका बाबतीत मात्र दाद द्यायला हवी. महिन्याभराच्या तारखा एकाच आदेशात आल्या. आपल्याकडे पावसाची सुट्टी कशी कळते आठवा: पोरगं गणवेश घालून दारात उभं असतं तेव्हा. पाऊस निदान अचानक येतो. श्रावण अचानक येत नाही. पंढरीची वारीही नाही. पालखीच्या मुक्कामाच्या गावी जिल्हा परिषदेच्या वर्गात वारकरी उतरतात, दोन दिवस शाळा बंद राहते, आणि तरीही ‘पुढील सूचनेपर्यंत’ असा फलक लागतोच. तुकोबांची पालखी कुठल्या दिवशी कुठे, हे महिनोन्‌महिने आधी ठरलेलं असतं. ते शाळेच्या वार्षिक नियोजनात जूनमध्येच का येऊ नये?

देऊळ आणि शाळा यांच्यात जागेची ओढाताण झाली की कोण सरकतं, हेही उज्जैननं पाहिलं आहे. मंदिराजवळचा महाराजवाडा ही शिंदेकालीन वास्तू. तिथं वर्षानुवर्षं सरकारी शाळा भरे. महाकाल परिसराच्या विस्तारात त्या वाड्याचं हेरिटेज हॉटेल करायचं ठरलं आणि शाळा हलली. एप्रिल 2025 मध्ये राज्यातल्या सीएम राइज शाळांचं नाव बदलून सांदीपनि विद्यालय करण्यात आलं. कृष्ण-सुदाम्याचे गुरू सांदीपनी, त्यांचा आश्रम उज्जैनचा, मुख्यमंत्री मोहन यादवही उज्जैनचे. नाव देखणं आहे. त्या नावाच्या शाळांत आठवड्याची सूचना शुक्रवारपर्यंत शिक्षकांच्या हाती पडते का, हे विचारणं फार कोतेपणाचं वाटेल, पण मी विचारेन.

2025 च्या श्रावणात फारसं काही बिघडण्यासारखं नव्हतं. 15 ऑगस्टला झेंडावंदन, 16 ला जन्माष्टमी, 17 ला नेहमीचा रविवार, 18 ला राजसी सवारीची स्थानिक सुट्टी, आणि 19 पासून आठवडा पूर्ववत. खरी परीक्षा 2028 मध्ये आहे. सिंहस्थ कुंभमेळा 27 मार्च ते 27 मे असा जाहीर झाला आहे. मध्य प्रदेशात शाळेचं नवं वर्ष 1 एप्रिलला सुरू होतं आणि त्याच आठवड्यात पहिलीची मुलं पहिल्यांदा वर्गात येतात. पाचवी-आठवीच्या बोर्ड पद्धतीच्या परीक्षा त्याच्या थोड्या आधी. रस्ते, घाट, पूल, पार्किंग यांची आखणी जोरात सुरू आहे. शहरातल्या प्राथमिक शाळांचे ते दोन महिने कसे जातील, प्रवेश कधी, पुस्तकं कधी, कुठली शाळा मुक्कामासाठी लागणार आणि तिची मुलं कुठं बसणार, याचाही एक कागद त्या आखणीत हवा. त्यावरची तारीख डिसेंबर 2027 च्या आधीची असावी. मार्च 2028 च्या शेवटच्या आठवड्यात रात्री दहाला गटावर पडलेला मेसेज चालणार नाही.