१९२१ ची जनगणना आणि लोकसंख्यावाढीची कारणमीमांसा

कोणत्याही प्रदेशाची लोकसंख्या जन्म, मृत्यू व स्थलांतर या तीनच मार्गांनी बदलते. दुष्काळ, रोगराई, शिक्षण, विवाहाचे वय इत्यादी ज्या गोष्टींना आपण कारणे म्हणतो, त्यांचा परिणाम या तिहींच्या द्वारेच घडून येतो. हा हिशेब नीट न मांडल्यास कारणमीमांसा चुकते आणि तिजवर उभारलेले धोरणही चुकते. भारताचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे.

आजच्या सीमा धरल्यास भारताची लोकसंख्या १९११ साली २५.२१ कोटी होती. १९२१ साली ती २५.१३ कोटीच भरली. सध्याच्या महाराष्ट्राच्या प्रदेशात याच दशकात सुमारे २.९ टक्के घट झाली. १९१८ च्या इन्फ्ल्यूएन्झाच्या साथीत देशात एक कोटीहून अधिक माणसे दगावली, हे या घटीचे प्रमुख कारण होय. त्यानंतरच्या प्रत्येक जनगणनेत मात्र वाढच आढळते. १९५१ साली लोकसंख्या ३६.११ कोटी झाली.

मग १९२१ नंतर लोकांना अधिक अपत्ये होऊ लागली काय? तसे दिसत नाही. जननमान पूर्वीही उच्च होते व पुढील तीन दशके ते बहुतांशी तसेच राहिले. उतरले ते मृत्युमान. १९४३ चा बंगालचा भीषण दुष्काळ सोडल्यास साथी व दुष्काळ यांचा संहार ओसरत गेला. म्हणजे वाढीचा उगम जन्म वाढण्यात नसून मृत्यू घटण्यात होता.

पुढे जननमानही उतरले. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार दर स्त्रीमागे अपत्यांचे प्रमाण भारतात २.० व महाराष्ट्रात १.७ आहे. पिढीची जागा पुढील पिढीने तंतोतंत भरून काढण्यास सुमारे २.१ लागते. तथापि वाढ तत्काळ थांबत नाही. कारण उच्च जननमानाच्या काळात जन्मलेल्या मोठ्या पिढ्या आज मातापित्यांच्या वयात आहेत. प्रत्येक दांपत्याची अपत्ये थोडी, परंतु दांपत्ये पुष्कळ, अशी ही स्थिती आहे.

सारांश, आजची वाढ हा मुख्यतः कालच्या वयोरचनेचा परिणाम आहे. तिचा दोष आजच्या दांपत्यांवर ठेवणे शास्त्रास धरून नाही. आणि त्या दोषारोपातून निघालेली सक्ती न्यायासही धरून नाही.