कॅनरीचें पिवळें फूल आणि बोरिवलीची मुसळी

अटलांटिक महासागरांतील कॅनरी व मदेरा बेटांवरच्या रानांत पिवळ्या फुलांच्या बटरकपची एक जात आढळते. कोरड्या उन्हाळ्यांत तिचीं पानें वाळून नाहींशीं होतात. पण गांठाळ मुळांत साठविलेल्या अन्नावर ती जिवंत राहते आणि हिवाळी पावसाबरोबर पुन्हां फुटते. १९५०च्या दशकांत शास्त्रज्ञांनीं जिला बोरिवलीवरून नांव दिलें, ती सफेद मुसळी कुळानें निराळी, फुलानें पांढरी. परंतु युक्ति तीच. फरक इतकाच, कीं ती मृगाच्या सरींनीं जागी होते. औषधासाठीं हींच मुळें अतोनात खणलीं गेल्यानें रानांतील मुसळी विरळ झाली आहे. पान खुडलें तर नवें येतें. मूळच गेलें, तर पाऊस येऊनहि उगवावयास कांहीं उरत नाहीं.