चौदा मिनिटांची तयारी : महिलांच्या रग्बी सेव्हन्सची सरावपद्धती

रग्बी सेव्हन्स हा रग्बी युनियन या खेळाचा आटोपशीर प्रकार आहे. त्यात पंधराऐवजी सात खेळाडूंचा संघ उतरतो आणि प्रत्येकी ७ मिनिटांच्या दोन सत्रांत सामना संपतो. मैदान मात्र पंधरा जणांसाठी आखलेले, म्हणजे सुमारे १०० मीटर लांब आणि ७० मीटर रुंद, तेच राहते. माणसे निम्म्याहून कमी होतात पण जागा तेवढीच उरते, आणि या विषम प्रमाणातूनच खेळाचा वेग, त्यातील धोके आणि स्पर्धेपूर्वीच्या सरावाची सारी रचना निर्माण होते. शरीर कमावणे हा या सरावाचा पाया असला, तरी दमछाक झालेली असताना अचूक निर्णय घेण्याची सवय सात जणींच्या अंगी एकाच वेळी बाणवणे हे त्याचे खरे प्रयोजन आहे.

या प्रकाराचा उगम १८८३ साली स्कॉटलंडमधील मेलरोझ या गावी झाला. तेथील क्लबला पैशांची गरज होती, आणि नेड हेग नावाच्या खाटिकाचा व्यवसाय करणाऱ्या खेळाडूच्या सूचनेवरून एका दिवसात अनेक सामने उरकतील अशी सात-सात जणांची स्पर्धा भरवण्यात आली. गावातील स्त्रियांनी त्या स्पर्धेसाठी ‘लेडीज कप’ हा चषक दिला, पण मैदानावर उतरण्याची मुभा त्यांना नव्हती. महिलांचा पहिला सेव्हन्स विश्वचषक त्यानंतर सव्वाशे वर्षांनी, २००९ मध्ये दुबई येथे खेळला गेला आणि तो ऑस्ट्रेलियाने जिंकला. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने सेव्हन्सचा समावेश मान्य केला, आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये पुरुषांबरोबर महिलांनाही हे व्यासपीठ मिळाले.

सरावाचे स्वरूप समजण्यासाठी काही नियम ध्यानात घ्यावे लागतात. प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला की ‘ट्राय’ होतो आणि त्याचे ५ गुण मिळतात. त्यानंतर खांबांच्या वरच्या भागातून चेंडू मारण्याची जी संधी मिळते तिला ‘कन्व्हर्जन’ म्हणतात आणि ती साधल्यास आणखी २ गुण मिळतात. सेव्हन्समध्ये ही किक चेंडू हातातून सोडून, तो जमिनीवर टप्पा घेताक्षणी मारावी लागते आणि त्यासाठी ३० सेकंदांचीच मुदत असते. शिवाय पंधरा जणांच्या खेळाच्या उलट येथे गुण मिळवणारा संघच पुढील किक मारून खेळ पुन्हा सुरू करतो, म्हणजे ट्राय झाल्यावर चेंडू नियमानुसार विरुद्ध बाजूकडे जातो. ही किक हवेत असताना तिच्याखाली पोहोचून ती झेलली, तर किक मारणारा संघ मात्र लागोपाठ दुसरा हल्ला करू शकतो. त्यामुळे एका खेळाडूने दुसरीला मांड्यांना धरून वर उचलणे, तिने उंचावर चेंडू झेलणे आणि खाली उतरताच तो सहकारी खेळाडूकडे सोपवणे या क्रियेला सरावात रोज स्वतंत्र वेळ दिला जातो.

शारीरिक तयारीचा हिशेब सामन्यातील धावण्यावरून मांडला जातो. आंतरराष्ट्रीय महिला खेळाडू एका सामन्यात साधारणपणे दीड किलोमीटर धावते. हे अंतर ऐकायला थोडे वाटले, तरी ते सलग नसून त्यात वेगवान धावा, अचानक थांबणे, दिशा बदलणे, जमिनीवर पडणे आणि लगेच उठणे यांची अखंड साखळी असते. पाठीवर दोन खांद्यांमध्ये बसवलेले उपग्रह-मापक यंत्र प्रत्येकीचे अंतर आणि वेग नोंदवते. दमश्वासाची पारख करण्यासाठी न्यूझीलंडच्या रग्बीत रूढ झालेली ‘ब्राँको’ ही चाचणी घेतात, जिच्यात ६०, ४० आणि २० मीटरवरील खुणांपर्यंत जाऊन परतण्याची फेरी न थांबता पाच वेळा, म्हणजे एकूण १,२०० मीटर, पूर्ण करावी लागते. वजने उचलणे आणि दमश्वास वाढवणे ही कामे स्पर्धेच्या कित्येक आठवडे आधी उरकली जातात. अखेरच्या एक-दोन आठवड्यांत सरावाचा कालावधी कमी केला जातो, पण त्याचा वेग उतरू दिला जात नाही, कारण साचलेला थकवा निघून जावा आणि कमावलेली चपळाई टिकावी अशी दुहेरी अपेक्षा त्यामागे असते.

धावत्या प्रतिस्पर्ध्याला हातांनी कवटाळून खाली पाडणे याला ‘टॅकल’ म्हणतात. सात जणींना ७० मीटर रुंदी राखायची असल्याने टॅकल बहुधा एकट्या खेळाडूलाच करावे लागते आणि ते हुकले तर मागे क्वचितच कोणी उरते. कबड्डीत पायाची पकड करताना जसे अंतर जोखावे लागते, तसेच येथेही पावले लहान करत जवळ जाणे, डोके प्रतिस्पर्ध्याच्या शरीराच्या सुरक्षित बाजूला ठेवणे, खांदा टेकवणे आणि दोन्ही हातांनी आवळणे असे टप्पे प्रथम गुडघ्यांवर बसून, मग चालत आणि शेवटी पूर्ण वेगात शिकवले जातात. खांद्याच्या रेषेवरील टॅकल नियमबाह्य असते, आणि त्याबद्दल पिवळे कार्ड मिळाल्यास खेळाडूला २ मिनिटे बाहेर बसावे लागते. सात मिनिटांच्या सत्रात सहा जणींनी काढलेली ही दोन मिनिटे अनेकदा सामन्याचा निकाल ठरवतात. महिलांच्या सरावात मान आणि गुडघा यांकडे विशेष लक्ष द्यावे लागते, कारण गुडघ्यातील पुढचा अस्थिबंध तुटण्याचे प्रमाण स्त्री-खेळाडूंमध्ये पुरुषांहून अधिक आढळते. उडी मारून योग्य रीतीने उतरणे आणि एका पायावर तोल सावरत दिशा बदलणे हे व्यायाम म्हणूनच प्रत्येक सराव-सत्राच्या प्रारंभी करून घेतले जातात.

या सर्व कौशल्यांची सांगड निर्णयक्षमतेशी घालणे हा सरावाचा सर्वांत कठीण भाग होय. चेंडू पुढे फेकण्यास मनाई असल्याने तो बाजूला किंवा मागेच द्यावा लागतो, आणि म्हणून चेंडूधारक खेळाडूला पुढील मोकळी जागा दिसत असली, तरी आधाराला कोण आहे हे मागून येणाऱ्या हाकेवरूनच कळते. टॅकल होता होता चेंडू सहकारी खेळाडूला देणे, ज्याला ‘ऑफलोड’ म्हणतात, हे कधी लाभाचे आणि कधी घातक ठरते. चेंडू राखून जमिनीवर जावे की धोका पत्करावा हे अर्ध्या क्षणात ठरवावे लागते. यासाठी प्रशिक्षक खेळाडूंना प्रथम धावांच्या फेऱ्यांनी दमवतात आणि श्वास लागलेला असतानाच चार हल्लेखोर विरुद्ध तीन बचावपटू असे छोटे प्रसंग सोडवायला लावतात. विश्रांत शरीराने साधलेली अचूकता सामन्यात फारशी उपयोगी पडत नाही, हे या पद्धतीमागील तत्त्व आहे. स्पर्धा दोन किंवा तीन दिवस चालते आणि ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरी गाठणाऱ्या संघाला तीन दिवसांत ६ सामने खेळावे लागतात. त्यामुळे शिबिरात एखादा दिवस हुबेहूब स्पर्धेसारखा आखून सामना, थंड पाण्यात बसणे, हलका आहार, चित्रफितीवरून चर्चा, पुन्हा अंग गरम करणे आणि पुन्हा सामना असा क्रमही गिरवला जातो.

या पद्धतीचे सर्वांत परिपूर्ण उदाहरण न्यूझीलंडच्या ‘ब्लॅक फर्न्स सेव्हन्स’ या संघात दिसते. २०१२ मध्ये तेथील रग्बी संघटनेने ऑलिंपिकच्या दृष्टीने देशभर निवड चाचण्या घेतल्या आणि नेटबॉलसारख्या इतर खेळांतील मुलींनाही बोलावले; पुढे जगातील अग्रगण्य ट्राय-वीर ठरलेली पोर्शिया वुडमन नेटबॉलमधूनच आली होती. रिओच्या अंतिम सामन्यात हा संघ ऑस्ट्रेलियाकडून १७-२४ असा हरला. त्यानंतर प्रशिक्षक ॲलन बंटिंग यांनी माउंट माउंगानुई येथील केंद्रात कौशल्याइतकेच महत्त्व खेळाडूंच्या परस्परसंबंधांना आणि मानसिक स्वास्थ्याला दिले. टोकियोच्या उपांत्य सामन्यात फिजीला या संघाने जादा वेळेत २२-१७ असे हरवले आणि फ्रान्सवर मात करून सुवर्णपदक मिळवले. पॅरिसच्या अंतिम सामन्यात मध्यंतराला कॅनडा १२-७ असा पुढे होता, तरी न्यूझीलंडने १९-१२ असा विजय मिळवून पदक राखले. कर्णधार साराह हिरिनी डिसेंबर २०२३ मध्ये गुडघ्याच्या अस्थिबंधाला गंभीर दुखापत होऊनही त्या संघात परतली होती. पिछाडीवर असताना न विस्कटणारी ही शिस्त वर्षभर एकत्र राहून सराव करण्याचे फळ आहे.

भारतीय महिलांची वाटचाल याच तुलनेत पाहणे उचित ठरेल. भारतीय महिलांचा पंधरा खेळाडूंचा संघ २०१८ मध्ये प्रथमच आंतरराष्ट्रीय सामन्यासाठी उतरला तेव्हा त्याचे नेतृत्व पुण्याच्या वहबिझ भरूचा यांच्याकडे होते, आणि पुढच्याच वर्षी सिंगापूरवर २१-१९ असा पहिला विजय नोंदवला गेला. सेव्हन्समध्ये आशियाई ट्रॉफी या दुसऱ्या स्तरावरील स्पर्धेत भारताने २०२२ मध्ये जकार्ता येथे रौप्यपदक मिळवले, आणि २०२४ मध्ये काठमांडू येथे पुन्हा अंतिम फेरी गाठून फिलिपीन्सकडून ५-७ असा निसटता पराभव पत्करला. हे दोन गुणांचे अंतर म्हणजे एका कन्व्हर्जनचे अंतर होय. ओडिशा, बिहार, पश्चिम बंगाल आणि महाराष्ट्रातून येणाऱ्या या खेळाडूंपैकी अनेकींचा पाया ॲथलेटिक्सच्या धावपट्टीवर घडलेला असल्याने वेगाची उणीव त्यांच्यात नाही. मात्र वेग व्यक्तीचा असतो आणि आधाराला धावण्याची, हाक देण्याची व बचावाची रेषा राखण्याची समज संघाची असते. ती स्पर्धेपुरत्या भरणाऱ्या शिबिरात पुरेशी रुजत नाही.

मुंबईच्या बॉम्बे जिमखान्यासारख्या जुन्या संस्थांनी महाराष्ट्रात रग्बीची परंपरा दीर्घकाळ जपली आहे आणि कोल्हापूरसारख्या शहरांतून मुली या खेळाकडे वळत आहेत. सेव्हन्सला महागडे साहित्य लागत नाही. मऊ जमिनीचे मैदान, काही चेंडू आणि टॅकलची सुरक्षित पद्धत जाणणारा प्रशिक्षक एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. म्हणून शाळा, महाविद्यालये आणि जिल्हा क्रीडा संकुलांनी मुलींचे संघ वर्षभर खेळते ठेवावेत, त्यांच्यासोबत फिजिओथेरपिस्टची व्यवस्था करावी आणि राष्ट्रीय शिबिरांचा कालावधी वाढवण्याचा आग्रह धरावा. चौदा मिनिटांच्या सामन्याचा निकाल त्याआधीच्या अनेक महिन्यांत ठरत असतो, आणि ते महिने खेळाडूंना उपलब्ध करून देणे ही संघटनांची आणि समाजाची जबाबदारी आहे.