स्थित्यंतर

काल होते तसेच आज राहत नाही, हा जगाचा नियम आहे. वडिलांची बदली होते आणि मुलांना ओळखीची शाळा सोडावी लागते. घरात नवे भावंड जन्मास येते. थोरल्या ताईचे लग्न होऊन ती सासरी जाते. एखाद्या दिवशी आजोबांची जागा कायमची रिकामी होते. यांपैकी काही बदल आपल्याला हवेसे वाटतात, काही नकोसे. परंतु दोहोंतही जुने काही सोडावे लागते आणि नवे काही शिकावे लागते. म्हणूनच ताईच्या लग्नाच्या आनंदातही घरच्यांचे डोळे भरून येतात.

बदल एका दिवसात घडतो. तो अंगवळणी पडण्यास मात्र काळ लागतो. कोकणातील भातशेती पाहा. राबात वाढलेली रोपे शेतकरी उपटतो व चिखल केलेल्या खाचरात लावतो. उपटताना काही मुळे तुटतात. त्यामुळे लावणीनंतर काही दिवस रोपे पिवळट दिसतात, माना टाकतात. जाणता शेतकरी त्यामुळे घाबरून जात नाही. तो खाचरात बेताचे पाणी राखतो आणि वाट पाहतो. पुढे नवी मुळे फुटतात व रोप हिरवेगार होते. नव्या शाळेत ज्याला करमत नाही, त्याने हे ध्यानात ठेवावे. करमत नाही म्हणून आपण दुबळे ठरत नाही. आपली मुळे अजून धरायची आहेत, इतकेच.

रमाबाई रानडे यांच्या चरित्रात दोन्ही प्रकारची स्थित्यंतरे दिसतात. आजच्या सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे हे त्यांचे माहेर. १८७३ साली, तुमच्याच वयाच्या असताना, त्यांचा विवाह महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाला. असा बालविवाह आज कायद्याने निषिद्ध आहे. त्या काळी मात्र ती रूढी होती. पुण्याच्या सासरी आल्या तेव्हा रमाबाईंना अक्षरओळखही नव्हती. पतीने त्यांना शिकवण्यास आरंभ केला. ही गोष्ट भाग्याची खरी. पण घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना ती रुचली नाही. टोमणे सोसत, घरकाम सांभाळत रमाबाई मराठी शिकल्या, पुढे इंग्रजीही शिकल्या.

१९०१ साली न्यायमूर्ती रानडे निवर्तले. या आघातानंतर काही काळ रमाबाई घराबाहेर फारशा पडल्या नाहीत. दुःखालाही त्याचा वेळ द्यावाच लागतो. त्यानंतर त्यांनी स्वतःला लोकसेवेस वाहून घेतले. १९०९ साली त्यांनी पुण्यात सेवासदन सुरू केले. तेथे कित्येक निराधार स्त्रिया विद्या व परिचर्या शिकून स्वतःच्या पायांवर उभ्या राहिल्या. पतीचा वियोग रमाबाईंच्या मनातून गेला होता, असे नव्हे. १९१० साली प्रसिद्ध झालेल्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या ग्रंथात त्यांनी त्या सहजीवनाची स्मृती जपून ठेवली आहे. जे गेले त्याची आठवण ठेवून पुढे चालता येते, हे त्यांनी दाखवून दिले.

मुलांनो, तुमच्यावरही असे प्रसंग येतील. तेव्हा मनातील दुःख आईजवळ, गुरुजींजवळ किंवा मित्राजवळ बोलून दाखवावे; ते कोंडून ठेवू नये. झोप, जेवण, अभ्यास आणि खेळ यांचा नित्यक्रम मोडू नये. खाचरातील पाण्याप्रमाणे तोच आपल्याला जगवतो. आणि तुमच्या वर्गात एखादा नवा विद्यार्थी कोपऱ्यात एकटा बसलेला दिसला, तर त्याला आपल्या शेजारी बोलवावे. त्याची मुळे लवकर धरतील.