सबवूफर कुठेही ठेवला तरी चालतो?

सबवूफर घरी आला की बहुधा सोफ्यामागच्या नाहीतर टीव्हीशेजारच्या रिकाम्या कोपऱ्यात जातो. खर्जाला दिशा नसते, मग जागेचा एवढा विचार कशाला, असा त्यामागचा हिशेब. त्यातला पहिला भाग बराचसा खरा आहे. साधारण ८० हर्ट्‌झखालचा आवाज कुठून येतो हे कानाला नीट ओळखता येत नाही, कारण त्या ध्वनीची लहर सव्वाचार मीटरहून लांब असते आणि दोन कानांतलं अंतर जेमतेम वीतभर.

दिशा कळत नसली, तरी जागेने फरक पडतोच, आणि तो मोठा असतो. चौदा फूट लांबीच्या हॉलमध्ये ४० हर्ट्‌झची बरोबर अर्धी लहर मावते. समोरासमोरच्या भिंतींवर आपटून ती तिथेच उभी राहते: भिंतींजवळ हा आवाज दणदणीत, हॉलच्या मधोमध जवळजवळ गायब. सोफा नेमका मधोमध असेल तर व्हॉल्यूम वाढवून उपयोग नाही. सोफाच फूट-दीड फूट सरकवावा लागतो.

कोपऱ्यात खर्ज जोरात वाजतो, हे खरं. पण तिथून खोलीतल्या अशा साऱ्या उभ्या लहरी एकदम जाग्या होतात, आणि काही सूर घुमतात, तर काही दबतात. जोरात म्हणजे चांगलं नव्हे. योग्य जागा शोधायची युक्ती अगदी सोपी आहे. सबवूफर तात्पुरता सोफ्यावर ठेवावा, बेस गिटार चढत-उतरत जाणारं ओळखीचं गाणं लावावं आणि भिंतीकडेने ओणवं फिरत ऐकावं. जिथे प्रत्येक सूर सारखा ऐकू येईल, ती सबवूफरची जागा.

दोन सबवूफर म्हणजे दुप्पट दणका, हाही गैरसमज. हर्मन कंपनीचे संशोधक टॉड वेल्टी यांनी २००२ मध्ये दाखवून दिलं, की आयताकृती खोलीत समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर ठेवलेले दोन सबवूफर सगळ्या बैठकींवर खर्ज बराच सारखा पोहोचवतात.

जोडणीत हमखास होणारी चूक वेगळी. रिसीव्हरच्या ‘सब आउट’मधून एकच आरसीए केबल सबवूफरच्या ‘एलएफई’मध्ये लावली, की काम झालं. खर्ज वेगळा काढण्याचं काम रिसीव्हर करतोच. सबवूफरवरचा क्रॉसओव्हरचा नॉबही ८० वर ठेवला, तर एकाच जागी दोनदा कात्री लागते. तो पूर्ण उजवीकडे फिरवावा. अँप्लिफायरला ‘सब आउट’ नसेल, तर स्पीकरच्या वायरींनीही जोडता येतं. तेव्हा मात्र हाच नॉब महत्त्वाचा.

शेवटचा गैरसमज शेजाऱ्यांच्या झोपेचा: आवाज मर्यादेत असला, की त्यांना त्रास नाही. निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ आवाजाची कायदेशीर मर्यादा ४५ डेसिबल आहे. पण ती ज्या ‘ए’ मापाने मोजतात, त्यात ६३ हर्ट्‌झचा आवाज सुमारे २६ डेसिबलने कमी धरला जातो. त्यामुळे मोबाइलवरच्या आवाजमापकाचा आकडा निर्धास्त करणारा असला, तरी खालच्या मजल्यावर धडधड पोहोचते. खाली रबरी पॅड ठेवून जमिनीची थरथर कमी होते, हवेतून भिंतीपार जाणारा खर्ज थांबत नाही. रात्री दहानंतर सबवूफरचा आवाज वेगळा कमी करावा. बहुतेक रिसीव्हरमध्ये तशी सोय असते.