महासाथ आणि इतर आजारांचे रुग्ण

महासाथीच्या काळात बाधितांचे व मृतांचे आकडे दररोज जाहीर होतात. तथापि, त्याच काळात मधुमेह, कर्करोग, मूत्रपिंडविकार अथवा क्षयरोग असलेल्या रुग्णांना उपचार न मिळाल्याने होणारी हानी या आकड्यांत दिसत नाही. कोविड-१९ च्या काळातील क्षयरोगाचा अनुभव या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे.

नोंद घटली, रोग नव्हे

भारतात २०१९ मध्ये क्षयरोगाच्या सुमारे २४ लाख रुग्णांची नोंद झाली होती. २०२० मध्ये ही संख्या सुमारे १८ लाखांवर आली. एका वर्षात झालेली ही जवळजवळ एक चतुर्थांश घट प्रामुख्याने निदानातील होती.

तिची कारणे अनेक होती. २५ मार्च २०२० पासून लागू झालेल्या टाळेबंदीमुळे रुग्णांना दवाखान्यापर्यंत पोहोचणे कठीण झाले. अनेक खासगी दवाखाने बंद राहिले. आरोग्य कर्मचारी कोविडच्या कामाकडे वळवले गेले. क्षयरोगाच्या निदानासाठी वापरली जाणारी सीबीनॅट व ट्रूनॅट यंत्रे कोविड चाचण्यांसाठीही वापरात आली. शिवाय, खोकला व ताप ही लक्षणे दोन्ही रोगांत आढळत असल्याने विलगीकरणाच्या भीतीने अनेकांनी तपासणी टाळली.

परिणाम आणि उपाय

निदान न झालेला फुप्फुसाच्या क्षयाचा रुग्ण घरातील इतरांनाही संसर्ग देऊ शकतो. सामान्य क्षयरोगाचा उपचार साधारणतः सहा महिने चालतो. तो मध्येच खंडित झाल्यास औषधांना न जुमानणारा क्षयरोग उद्भवण्याचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार, २०२० मध्ये जगातील क्षयरोगाचे मृत्यू दशकाहून अधिक काळानंतर प्रथमच वाढले.

केंद्र सरकारने एप्रिल २०२० मध्ये अत्यावश्यक आरोग्यसेवा सुरू ठेवण्यासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. ई-संजीवनीद्वारे घरबसल्या वैद्यकीय सल्ल्याची सोय झाली. पुढे क्षयरुग्णांची कोविडसाठी आणि कोविडरुग्णांची क्षयरोगासाठी तपासणी करण्याचे धोरण स्वीकारण्यात आले. तरीही नोंदणी पूर्वपदावर येण्यास २०२२ साल उजाडले. २०२५ पर्यंत क्षयरोग निर्मूलनाचे उद्दिष्ट ठेवलेल्या देशासाठी हा विलंब महागडा होता.

पुढील दिशा

साथ हाताळण्याची व्यवस्था आणि नित्याची आरोग्यसेवा यांसाठी एकच मनुष्यबळ व एकच यंत्रसामग्री असेल, तर साथ येताच नित्यसेवा कोलमडते. ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आयुष्मान भारत आरोग्य पायाभूत सुविधा अभियानात पाच लाखांहून अधिक लोकसंख्येच्या जिल्ह्यांसाठी अतिदक्षता रुग्णालय विभागांची तरतूद करण्यात आली, ती याच अनुभवातून. मात्र इमारतींइतकीच प्रशिक्षित मनुष्यबळाची आणि अखंड औषधपुरवठ्याची गरज आहे. रुग्णनोंदीतील घट ही प्रगती मानण्यापूर्वी रुग्ण खरोखर कमी झाले की केवळ आपल्यापर्यंत पोहोचले नाहीत, हे तपासणे हाच या अनुभवाचा धडा होय.